राखणदाराच्या वहाणा

१४ मे, बुधवार

सकाळी साडेसहा. वि.बाबचे पाय. कोमट पाणी, साबण, टॉवेल, मलम, मोजे, मग चालायचा लोखंडी सांगाडा. चार वर्षं हेच चाललंय. गुडघ्याखाली विराजबाबला काही कळत नाही, त्यामुळे कुठे खरचटलं, कुठे दाबलं ते मलाच बघावं लागतं. आज काही नाही. तळवे मऊ, तान्ह्या बाळाचे असावेत तसे. डावी करंगळी नाही (घरच्याच खाणीची दरड जीपवर कोसळली तेव्हा गेली), बाकी नऊ बोटं ठीक.

पाय पुसताना रोजचा प्रश्न. "सिस्टर, काल बाहेर काय म्हणत होते?" म्हणजे त्याच्याबद्दल. मी म्हटलं, "यंदा आंबा कमी, असं म्हणत होते." तोंड एवढंसं झालं. मग दया येऊन सांगितलं की मोरजीला बुडती होडी त्याने ओढून काढली, तो व्हिडिओ माझ्या भाचीने तीनदा बघितला. लगेच चहा मागितला स्वारीने.

बुद्धी देवाने पोत्याने ओतली आहे, हे मान्य. हॉस्पिटलच्या खाटेवर वर्तमानपत्राच्या कडेला सांगाड्याचं चित्र काढलं आणि आठ महिन्यांत त्यात उभा राहिला. आता एका हाताने टेम्पो उचलतो. घरात भिंतभर पडदे. डिचोली-पेडण्यातले पूल, खाणीतली तळी, किनारे, सगळे तिथे दिसतात. कुठे कोणी ओरडलं की याला ऐकू येतं. मुलं त्याची चित्रं काढतात, मोठी माणसं त्याला राखणदार म्हणतात. पण सहा वर्षं जेवण रांधणाऱ्या बाईचं नाव विचारलं तर म्हणतो, "ती... ती आपली."

चारचौघांत मला 'तुम्ही', एकटी असले की 'तू'. मी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. असो.

१८ मे, रविवार

इब्रामपूर. माझं माहेर. अण्णा, माझे वडील, तिथे नदीकाठच्या घरात एकटेच राहतात. दरवर्षी या दिवसांत शिमेवरच्या, म्हणजे वेशीवरच्या, राखणदाराला नवीन वहाणा ठेवतात (त्या घालून तो रात्री गाव फिरतो म्हणतात), तो मान आमच्या घराचा, म्हणजे आता अण्णांचा. यंदा गावाने वि.बाबला पाहुणा म्हणून बोलावलं. मी गेले ती पायांची देखरेख म्हणून.

आधी भाषण. त्याने नदीकाठी खांब उभे केलेत, वर कॅमेरा आणि भोंगा. म्हणाला, "यापुढे पावसाळ्यात नदीवर ढोल घेऊन जागायची गरज नाही. मी आहे." आमच्याकडे पुराच्या दिवसांत चार-चार माणसं पाळीने नदीवर बसतात, पाणी चढलं की ढोल वाजवतात. अण्णा कित्येक वर्षं बसले. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. जागायला कोणाला आवडतं?

मग सातविणीच्या झाडाखाली, राखणदाराच्या दगडापाशी. दगडावर गेल्या वर्षीचा जोड. अण्णांनी उचलून सगळ्यांना दाखवला. वर्षभर कोणी हात न लावलेल्या वहाणा, आणि टाचेला झिजून आरपार भोक. लहानपणापासून बघतेय, तरी अंगावर काटा येतोच. वि.बाबने उलटसुलट करून पाहिल्या. "वाळवी," म्हणाला. "कॅमेरा लावला तर आठवड्यात सापडेल."

अण्णांनी नवीन जोड काढला. केवढा तरी मोठा, माणसाच्या मापाचा नव्हेच. राखणदाराला गाऱ्हाणं घालायला सुरुवात करणार तेवढ्यात मागून गोपाळ होडीवाला ओरडला, "अण्णा, दगडाक कित्याक? खरो राखणदार हंय उबो आसा!" हशा झाला. आणि या शहाण्याने काय करावं? सांगाड्याचा लोखंडी पाय पुढे काढून सरळ वहाणेत घातला. मग दुसरा. माप घेऊन शिवल्यासारखे बसले. सगळ्यांचे मोबाइल वर. हा मान वळवून वळवून सगळ्यांना तोंड दाखवतोय.

अण्णा गाऱ्हाणं विसरून उभेच. एवढंच म्हणाले, "घातलंस? मगे आता काढू नको, पुता."

त्याने ऐकलंही नसेल. गाडीत बसताना काढल्या, घरी आणून वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगल्या. शेजारी त्याची मानपत्रं आहेत.

१९ मे, सोमवार

अण्णांना फोन. म्हटलं, त्याला माफी मागायला लावते, वहाणा परत आणून ठेवते. म्हणाले, "दिल्लो जोड परत घेवचो नसता गो बाय. त्येणा घातल्यान, आता शीम त्येणाच राखूक व्हयी. आणि तेका सांग, राखणदारान तोंड दाखवचा नसता. वाट चुकल्याक घराक पोचयता, पण फुडे चलता. दिसलो तर तो राखणदार न्हय."

दिवसातून चारदा तोंड दाखवल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, त्याला हे कोणी सांगायचं? मी नाही सांगितलं.

२७ मे, मंगळवार

उजव्या तळव्यात काटा. करवंदीचा, चांगला खोल. चिमट्याने काढला. त्याला कळलंच नाही, तो पडद्यावर कुठलासा पूल बघत होता. मोजा तपासला, मोज्याला भोक नाही. सांगाड्याचा बूटही झाडून बघितला. आत काहीच नाही.

काटा औषधाच्या डबीत ठेवलाय. का ठेवला, सांगता येणार नाही.

४ जून, बुधवार

टाचा घट्ट होतायत. गेल्या आठवड्यात वाटलं भास असेल. आज अंगठ्याने दाबून बघितलं, नांगर धरणाऱ्याची टाच असते तशी. बोटांच्या बेचक्यात माती. बंगल्याभोवतीच्या या सड्यावरची माती खाणीची, किरमिजी. ही भुरी, बारीक वाळू मिसळलेली. या मातीत मी लहानाची मोठी झाले. ती इब्रामपूरच्या नदीकाठची आहे.

त्याला दाखवली. म्हणाला, "तूच आणली असशील चपलेतून." मग स्वतःच सांगाड्याची नोंद उघडून बघितली. झोपल्यापासून उठेपर्यंत एकही पाऊल नाही. एकदा हसला, पण नंतर तिकडे परत परत बघत होता.

१३ जून, शुक्रवार

भांडण.

त्याने आपल्याच खाटेवर आठ दिवस कॅमेरा लावला होता. मला काही बोलला नव्हता. आठही दिवसांच्या चित्रात हा झोपलेला, कूससुद्धा न बदलता. आणि आज सकाळी तळवा फाटून त्यात शेवाळ. असलं कोडं याला जन्मात पडलं नसेल. पडलं की तो दुसऱ्यावर चिडतो. म्हणाला, "माझ्या पायांना हात लावणारं या घरात एकच माणूस आहे." म्हणजे मी. म्हणजे तो झोपला असताना मी त्याच्या पायांना माती फासते, चाकू मारते.

वाडगा तिथेच ठेवून बाहेर आले. खूप लागलं मनाला. चार वर्षं ज्याचे पाय आपल्या लेकराचे असावेत तसे धुतले...

१५ जून, रविवार

मोसमातले शेवटचे मानकुराद आले, करंडी भरून, ड्रायव्हरबरोबर. चिठ्ठी नाही. 'चुकलो' हा शब्द त्याच्या घराण्यात कोणी उच्चारला नसावा, आंबे पाठवत असतील पिढ्यान्‌पिढ्या. उद्या जाते कामावर. आंबा गोड होता, काय करणार.

२२ जून, रविवार

सुर्ल्याच्या जुन्या खाणीत पाणी भरलंय, त्याच्या काठावरून ट्रक घसरला. दुपारी. मी पडद्यासमोरच होते, औषधं लावत होते कपाटात. ट्रक अर्धा बुडालेला, ड्रायव्हर खिडकीतून छातीपर्यंत बाहेर, पाय आत अडकलेले. काठावर सात-आठ जण. दोघांनी शर्ट काढून दोर कमरेला बांधलेसुद्धा.

तेवढ्यात तिथल्या खांबावरच्या भोंग्यातून वि.बाबचा आवाज. तो मोरजीला होता, कासवांच्या कुठल्याशा कार्यक्रमाला, फोटो होते. "कोणी पाण्यात उतरू नका. मी येतोय. कोणी उतरू नका."

ती माणसं थांबली. बाब येतोय म्हटल्यावर कोण उतरेल? दोर कमरेला तसाच, आणि उभी. मी पडद्यावर थाप मारली, "अरे जा ना!" त्यांना कुठलं ऐकू जायला.

बाब आला तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. सांगाड्यासकट आत गेला, दार उपटलं, माणूस हातांवर घेऊन वर आला. पत्रकारांना सांगितलं, "आधीच गेला होता. पडला तेव्हाच." मी पाहिलं होतं. पडल्यावर तो बराच वेळ हात हलवत होता.

ड्रायव्हरचं नाव महादेव, दोडामार्गकडचा. बाबच्या भिंतीवर वाचवलेल्यांची नावं आहेत, एकूण एक. महादेवचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. रात्री जेवला नाही, हेही लिहिलं पाहिजे.

२५ जून, बुधवार

महादेवची बायको आली. गेटवरच थांबली, आत या म्हटलं तरी येईना. तिला एकच विचारायचं होतं. "शेवटाक कायतरी बोल्ले काय ते?"

वि.बाब पायऱ्या उतरून गेला. हात जोडले. म्हणाला, "नाही. वेळच मिळाला नाही त्यांना."

ती मान हलवून गेली. चालताना चप्पल तुटली तिची, तशीच हातात घेऊन गेली.

२६ जून, गुरुवार

वर्कशॉपमध्ये पट्ट्या आणायला गेले तर तो पाठमोरा बसलेला, आणि आवाज चाललेला. खांबावरच्या यंत्राने खाणीतलं सगळं टिपलंय. महादेवचा आवाज. आधी ओरडतोय, "दादा, हात दे. दादा, हात दे रे." बाबला नाही हाक मारत, काठावरच्या माणसांना मारतोय. कितीतरी वेळ तेच. मग पाण्याचा आवाज. मग एकदम शांत, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा:

"कोण तुमी? ...व्हाणो घालून पाण्यात कोण उतरता हो?"

मग काही नाही.

वि.बाबने परत तेच लावलं. परत. मी मागे आहे हे त्याला माहीत होतं. वळला नाही. म्हणाला, "सिस्टर, माझ्याआधी तिथे कोण पोचलं?"

माणूस गेला त्याचं नाही, आपल्याआधी कोण पोचलं याचं! मला राग आला, पट्ट्या उचलून वळले. आणि तेवढ्यात खिळ्याकडे नजर गेली. वहाणा होत्या तिथेच. खालून पाणी ठिबकत होतं.

१ जुलै, मंगळवार

"सिस्टर, मला पाय कळतायत."

मी वाडगा खाली ठेवला. सुई लावून बघितली, टाच, घोटा, बोटं, कुठेच काही नाही. "आता नाही कळत. एरवी कळतात. खुर्चीत बसलो की. जेवताना. चालत असतात ते." कुठे चालतात, विचारलं. "चिखल असतो. गार. मग दगड. मग परत चिखल. डाव्या हाताला पाणी वाहत असतं." बोलताना हसत होता, पण ओठ कोरडे.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, होतं असं, नसांचा खेळ. त्यांना तळवे बघायला या म्हटलं तर पावसाचं कारण सांगितलं.

दोन्ही टाचांना बोटभर भेगा, रक्त येतं. मी स्पष्ट सांगितलं, भरेपर्यंत सांगाडा बंद. त्याने ऐकलं नाही, घालून बघितला; सांगाडा एकीकडे, पाय दुसरीकडे, दोन पावलांत आडवा. उचलताना पहिल्यांदा लक्षात आलं, किती हलका आहे हा माणूस.

"बाहेर कोणाला कळता कामा नये," म्हणाला.

५ जुलै, शनिवार

चार दिवस कोसळतोय. वरच्या धरणाचं पाणी उद्या सोडणार म्हणून दवंडी फिरली. अण्णांना म्हटलं, माझ्याकडे या. येत नाहीत. नदीवर कोण बसलंय, विचारलं. कोणीच नाही. ढोल देवळात, गोपाळची होडी गोठ्यामागे पालथी घातलेली. गोपाळशीही बोलले. "बाब असताना आमी कित्याक भिजू गो शैलाबाय?"

अण्णांचं वेगळंच. "व्हाणो घातलेलो आसा मां तो. येतलो."

गेले वि.बाबकडे. म्हटलं, भोंग्यावरून सांगा त्यांना, मी येऊ शकत नाही, तुमचं तुम्ही वर निघा. साधी गोष्ट. तर म्हणतो, "उद्यापर्यंत बरा होईन." मी म्हटलं, नाही होणार. म्हणतो, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, तिथे माझा बाप आहे.

तो पडदे बघत राहिला.

मग मी बोललेच. "महादेव हात दे म्हणत होता. हात होते तिथे, बाब. दोर बांधून तयार होते. ते तुम्ही थांबवलेत. आणि त्याच्या बायकोला तोंडावर खोटं सांगितलंत. उद्या मला काय सांगणार?"

चेहरा पांढरा पडला. मी दार आपटून आले. नोकरी गेली असेल तर जाऊ दे. आज घरी जात नाही, इथेच खालच्या खोलीत पडते. इब्रामपूरचा पडदा बघायला मिळेल एवढ्यासाठी.

६ जुलै, रविवार

जमेल तसं लिहिते.

दुपारी तीन. पाणी खांबावरच्या धोक्याच्या लाल रेघेला लागलं. पडद्यावर गावकरी दिसत होते, ओसरीवर, पायऱ्यांवर, छत्र्या घेऊन. कोणी हलत नव्हतं. एक बाई कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होती, पाहुणा कधी येतो म्हणून वाट बघतात ना, तशी. गोपाळ विडी ओढत बसलेला. अण्णांचं घर वळणाच्या पलीकडे, ते या कॅमेऱ्यात येत नाही.

वि.बाब खुर्चीत. माइक हातात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणी पहिल्या पायरीवर आलं.

मग बोलला. आवाज त्याचा वाटलाच नाही.

"मी विराज. मी येणार नाही. माझे पाय चालत नाहीत. कोणी माझी वाट बघू नका. एकमेकांना हात द्या. निघा."

तीनदा म्हणाला. ती माणसं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग गोपाळने विडी टाकली आणि धावला. चौघांनी होडी सरळ केली. कोणीतरी देवळातून ढोल आणला. ढोल ऐकून मला रडूच फुटलं.

वि.बाबने माइक ठेवला. म्हणाला, "आता मला कोणी राखणदार म्हणणार नाही." मी म्हटलं, "नाही म्हणणार." पहिल्यांदाच मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. फोन शोधत होता, तो दिला. म्हणाला, एक काम राहिलंय.

अण्णांना फोन लागेना. पाच वाजता गाडीसाठी खाली गेटवर गेले, ड्रायव्हर म्हणाला रस्ता बंद. परत वर आले तेव्हा सव्वापाच.

खुर्ची रिकामी. सांगाडा जागेवर, चार्जिंगला लावलेला, हिरवा दिवा पेटलेला. दार मी जाताना लावलं तसंच कुलूपबंद होतं, किल्ली माझ्याकडे. हाका मारल्या. खाटेखाली बघितलं. मूर्खासारखं कपाट उघडून बघितलं.

वर्कशॉपमध्ये खिळा रिकामा.

७ जुलै, सोमवार

सकाळी गोपाळच्या फोनवरून अण्णा. बरे आहेत. सगळा गाव वर शाळेत आहे, एकही माणूस गेला नाही. आमचं घर गेलं.

अण्णांना नीट विचारलं, जसं बोलले तसं लिहिते. "पाणी कमरेक इला तसो मागल्या दारान भायर पडलंय. पावसात वाट दिसा नाय. उलट्या वाटेक लागलंय, नदीकडे. तेवड्यात कोणीतरी मनगट धरल्यान. हात थंड. इचारलंय, कोण रे? बोलूक नाय. फुडे चलाक लागलो. पाणी कमरेएवडा गो, तरी व्हाणांचो आवाज येय होतो. चटक चटक. शाळेची पायरी पायाक लागली तसो हात सोडल्यान."

किती वाजता? शाळेत पोचले तेव्हा साडेपाच. इथून इब्रामपूर, कोरड्या रस्त्याने गाडीला पाऊण तास.

"बाब होतो, अण्णा?"

मग म्हणाले, "तोंड दाखवूक नाय त्येणा."

१० जुलै, गुरुवार

पोलीस, त्याचे चुलते, वार्ताहर. बंगल्याखालच्या तळ्यात पाणबुडे उतरवले. चिखलाशिवाय काही मिळालं नाही. मला तीनदा विचारलं. खुर्ची, दार, किल्ली, वेळ, सगळं सांगितलं. वहाणांचंही सांगितलं. लिहून घेणारा माणूस ते ऐकून पेन टेकवून बसला, लिहिलं नाही.

प्रत्येक मोबाइलवर त्याचा फोटो. कोणी म्हणतं पळाला, कोणी म्हणतं तोंड लपवून बसलाय. हे बघायला तो असता तर... नाही, मला हसू येत नाही. साडेसहाला जाग येते आणि काय करायचं सुचत नाही.

१२ जुलै, शनिवार

महादेवच्या बायकोचा फोन. रविवारी पाचच्या सुमाराला बाबचा निरोप आला होता तिला. महादेवचं सगळं बोलणं, आणि खाली एक ओळ: ते बोलले होते, मी खोटं सांगितलं, त्यांना हात मिळू दिला नाही तो मी.

म्हणजे ते राहिलेलं काम हे.

ती रागावली नव्हती, किंवा अजून रागावायची असेल. तिला एकच विचारायचं होतं. "व्हाणो घालून कोण गेल्लो तेंच्याकडे? निदान तेका भेटाक होया माका." मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

२४ जुलै, गुरुवार, अवस

अण्णांना शाळेतून माझ्या घरी आणलंय. आज हट्टाने इब्रामपूरला नेलं त्यांना, सातविणीखाली. मेमध्ये गाऱ्हाणं राहिलं होतं ते घालायचं म्हणाले. पूर ओसरलाय, सगळीकडे गाळ. गाळावर कोणाचं पाऊल नाही.

दगडावर जोड ठेवलेला.

तोच. शिवण माझ्या ओळखीची. दोन महिन्यांचा जोड, आणि टाचेला आरपार भोक. अण्णांनी हात जोडले आणि डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. प्रत्येक ओळीला 'होय म्हाराजा' म्हणायला मी एकटीच. म्हणता म्हणता मी वाकले.

नवीन चामड्यावर घामाने पायाचा ठसा उमटतो, काळपट. सांगाड्याच्या लोखंडाचा नाही, उघड्या पायाचा होता. मोठ्या वहाणेच्या मधोमध, माणसाच्या मापाचा. उजव्यावर पाच बोटं. डाव्यावर चार, करंगळीच्या जागी कोरं चामडं.

मी किती वेळ वाकून होते ते कळलं नाही. चार वर्षं धुतलेले पाय ते, मी चुकेन कशी? रडले. अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, वहाणांकडे बघितलं.

परतताना गाडीत म्हणाले, "हो जोड काय वर्सभर पुरायचो नाय. लवकर दुसरो करूक व्हयो. चांभाराक माप काय सांगू गो शैला?"

पोलिसांनी नंबर दिलाय, काही आठवलं तर कळवा म्हणून. तो पर्समध्ये आहे. बाबचे चुलते अजून तळं उपसतायत. महादेवच्या बायकोला फोन करायचा आहे, कसा करायचा ते कळत नाही.

अण्णांना अजून उत्तर दिलेलं नाही. माप मला पाठ आहे.